निमाणी झडती

झडती म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पोलीस उभा राहतो. खिसे उलटे करा, पिशवी मोकळी करा, गादी उचला. गोव्यात हाच शब्द दर रविवारी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकू येतो. मिसाच्या, म्हणजे तिथल्या मुख्य उपासनेच्या, मध्यावर सगळे उभे राहून आपल्या श्रद्धेची कलमे म्हणतात. त्यांतले एक कलम असे की येशू परत येईल आणि जित्यांची नि मेलेल्यांची झडती घेईल. जगाच्या अंताला व्हायची ती 'निमाणी झडती'. निमाणी म्हणजे शेवटची.

नगर-पुण्याकडच्या मराठी बायबलात या जागी 'न्याय' आहे. शब्द चुकीचा नाही. पण न्याय म्हटले की कोर्ट आले, दोन पक्ष आले, तारखा आल्या आणि वकील बरा असला तर सुटायची वाटही आली. झडतीत यातले काही नाही. तुमच्यापाशी काय आहे, एवढेच तिला बघायचे असते. जुन्या दप्तरी मराठीत झडती हे हिशेबाच्या कागदाचेही नाव होते. कोंकणीने धरलेला हा शब्द मला न्यायापेक्षा जास्त अचूक वाटतो.

त्याच्या जोडीला दुसरा एक शब्द ठेवावा लागतो. मराठी बायबलात 'विश्वास, आशा, प्रीती' अशी तिघांची माळ आहे. गोव्यात ती 'भावार्थ, भरवंसो, मोग' अशी होते. मोगाचे कौतुक फार झाले, तो आता टी-शर्टांवरही छापून येतो. भरवशाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. आशा वेडी असू शकते. ती सुटत नाही म्हणून आपण तिला नावेही ठेवतो. भरवसा कुणावर तरी टाकायचा असतो. पावसाची आशा धरता येते, पावसाचा भरवसा नसतो. ख्रिस्ती तारणाची शिकवण बाहेरच्याला जिथे अडते ती जागा हीच: ज्याच्यावर भरवसा टाकायचा, झडती घेणारा तोच.

झडत्या दोन आहेत. पहिली ज्याची त्याची, मरणाच्या क्षणीच. दुसरी सगळ्यांची मिळून, जगाच्या शेवटी. हे आज दोतोर्नीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गातले पोरही सांगते, पण ते इतके सरळ ठरलेले नव्हते. चौदाव्या शतकात खुद्द पोप बाविसावे जॉन प्रवचनांतून सांगू लागले की पुण्यवानांनाही शेवटच्या दिवसापर्यंत देवाचे पूर्ण दर्शन होत नाही. केवढा गदारोळ उठला. मरणापूर्वी, १३३४ साली, त्यांनी ते मत मागे घेतले, आणि १३३६ साली पुढचे पोप बारावे बेनेदिक्त यांनी लिहून टाकले की पहिल्या झडतीचा निकाल लगेच लागू होतो. दुसऱ्या झडतीत तो बदलत नाही.

मग दुसरी कशाला? तेराव्या शतकातल्या थॉमस आक्विनासने दिलेले उत्तर कुठल्याही शेतकऱ्याला पटेल. माणूस मेला तरी त्याचे केलेले मरत नाही. एखाद्याने रातोरात शेजाऱ्याची मेर, म्हणजे शेताचा बांध, हातभर सरकवली. तो मेला, शेजारी मेला, आणि नातवंडे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. त्या हातभर मातीचा हिशेब त्याच्या मरणाच्या दिवशी पुरा कसा होणार? चांगल्याचेही तसेच. कुणी विहीर बांधून गेला, तिचे पाणी चार पिढ्या प्याल्या. वही मिटते ती सगळ्यांची एकदम.

आणखी एक गोष्ट दुसऱ्या झडतीसाठीच राखून ठेवलेली आहे: शरीर. ख्रिस्ती शिकवण आत्म्याच्या सुटकेवर थांबत नाही. देह पुन्हा उठणार असे ती म्हणते, आणि आपल्याकडच्या वाचकाला हे सगळ्यात परके वाटते. आपल्या चित्रगुप्ताच्या वहीतली बाकी पुढच्या जन्मात फेडता येते. इथे पुढचा जन्म नाही, जन्म एकच आणि त्यानंतर झडती. म्हणून प्रेत पुरण्याचा आग्रह होता. दहनाला परवानगी मिळाली ती १९६३ साली, आणि २०१६ च्या सूचनेने राख नदीत सोडायला किंवा घरात ठेवायला मनाई केली. कारण राख असली तरी ती कुणाची तरी आहे.

झडतीचे चित्र म्हणून लोकांच्या मनात बसलेला आहे तो तराजू. ताळगाव आणि हणजुणे, दोन्ही गावांच्या इगर्जी सां मिगेलाच्या, म्हणजे संत मायकेलच्या. ख्रिस्ती चित्रकलेत हा देवदूत बहुधा एका हातात तलवार आणि दुसऱ्यात तराजू घेऊन उभा असतो, पायाखाली सैतान. चित्र देखणे आहे आणि दिशाभूल करणारे आहे. बायबलात मिगेलाच्या हाती तराजू कुठेच नाही. पुण्याचे पारडे जड झाले की स्वर्ग, असे शिकवणही म्हणत नाही. तशी म्हणत असती तर येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या चोराचे काय झाले असते? जन्मभराची चोरी एका पारड्यात आणि शेवटच्या तासातले एक वाक्य दुसऱ्यात. त्याच दिवशी स्वर्गात येण्याचे वचन ज्याला तोंडावर मिळाले असा बायबलातला तोच एक.

प्रत्यक्ष काय तपासले जाणार तेही लपवलेले नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय म्हणजे आधीच फुटलेला पेपर आहे. भुकेल्याला जेवू घातले का, तहानेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला कपडा दिला का, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटायला गेला का. प्रश्न सहा. मेलेल्यांना पुरणे हे सातवे दयाकर्म, ते चर्चने तोबीतच्या ग्रंथावरून पुढे जोडले. सहांत मिसाला किती वेळा गेलात हा प्रश्न नाही. आणि गंमत अशी की त्या प्रसंगात दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात. उजवीकडचे विचारतात, आम्ही तुला कधी जेवू घातले? डावीकडचे विचारतात, आम्ही कधी नाही म्हटले? आपल्या खिशात काय आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. झडती हा शब्द इथे मला पुरता पटतो.

पण माणूस मरेपर्यंत थांबत नाही, थांबूही नये, म्हणून एक छोटी झडती जिवंतपणी ठेवलेली आहे. तिला, म्हणजे पाद्रीपुढे दिलेल्या पापांच्या कबुलीला, गोव्यात कुमसार म्हणतात.

कुमसाराची लाकडी पेटी जुन्या इगर्जीत भिंतीला लागून असते. मध्ये पाद्री बसतो, गळ्यात जांभळी पट्टी. बाजूला गुडघे टेकायची फळी आणि तोंडाच्या उंचीवर जाळी. जाळीला बहुधा जांभळे फडके. कृती ठरलेली आहे. आधी घरी किंवा बाकावर बसून मनाची झाडाझडती. मग पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. मग पेटीपाशी जाऊन शेवटचा कुमसार कधी केला ते सांगायचे आणि पापे सांगायची. गंभीर पापे प्रकार आणि संख्या धरून: चोरी केली, तीन वेळा. पाद्री दंड सांगतो, बहुतेकदा काही प्रार्थना, कधी एखादे काम. पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची आणि पाद्री क्षमेचे शब्द उच्चारतो. सारे मिळून पाच मिनिटे.

पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: मुळात गोष्टच मोठी असावी, ती वाईट आहे हे पुरते ठाऊक असावे, आणि मनापासून संमती असावी. एक जरी कमी पडली तर पाप राहते, पण माणसाला देवापासून तोडणारे पाप राहत नाही. ही त्रिसूत्री लक्षात ठेवावी, पुढे ती फार मोठ्या ठिकाणी कामाला येते.

चुका कुठे होतात? लोक पापाऐवजी गोष्ट सांगत बसतात. सासूची पापे सांगतात. 'सगळ्यांसारखीच झाली' असे म्हणून मोकळे होतात. यांपैकी कशानेही कुमसार फुकट जात नाही, फक्त लांबतो. फुकट जातो तो लपवल्याने. एखादे गंभीर पाप जाणूनबुजून गिळले तर सांगितलेली बाकीचीही माफ होत नाहीत, आणि त्यानंतरचे सगळे कुमसार त्या एका गिळलेल्या पापापासून पुन्हा करावे लागतात. विसरलेले पाप मात्र माफ झालेल्यांतच जमा. आठवले की पुढच्या वेळी सांगायचे. उलट टोकाची माणसेही असतात. सांगितलेलेच पुन्हा सांगणारी, नीट सांगितले की नाही या संशयाने रात्र जागणारी. जुन्या पाद्रींचा अशांना एकच सल्ला: एकाच पाद्रीकडे जा, तो 'पुरे' म्हणाला की पुरे. याच्या मुळाशी भरवशाचाच प्रश्न आहे. तसा माणूस हिशेबावर विसंबतो, हिशेब घेणाऱ्यावर विसंबायचे त्याला जमत नाही.

आता ती मेर. सरकवणाऱ्याने कुमसार केला, रडला, क्षमा मिळाली, येशूच्या आईची प्रार्थना, 'नमान मारिये', तीनदा म्हटली. संपले? नाही. जमीन परत द्यायला हवी. मालक मेला असेल तर त्याच्या वारसांना, वारस नसतील तर गरिबांना. द्यायचीच नाही असे मनाशी ठरवून क्षमा मागितली तर तो पश्चात्तापच नव्हे. क्षमा पाद्री देऊ शकतो, हातभर माती देऊ शकत नाही. आणि माती परत दिल्यावरही इतक्या वर्षांत मन जे वाकडे वळले ते सरळ व्हायचे राहतेच.

पुर्गातोर, म्हणजे मरणानंतर जीव शुद्ध होण्याची अवस्था, समजायचे असेल तर इथूनच समजते. आपल्याकडे बऱ्याच जणांना ते अर्धे नरक वाटते, तीन महिन्यांची कैद जशी जन्मठेपेच्या मानाने. तसे नाही. पुर्गातोरात गेलेला प्रत्येक जीव वाचलेला असतो. तिथून यमकोंडात, म्हणजे नरकात, कुणीच जात नाही. (यमाला घालवून त्याचे कुंड तेवढे ठेवून घेतले, ही कोंकणीची करामत.) क्षमा झाली आहे, पण माणूस अजून देवासमोर उभा राहण्याजोगा झालेला नाही, वाकडे सरळ व्हायचे आहे. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने या बाबतीत दोनच गोष्टी ठाम सांगितल्या: पुर्गातोर आहे, आणि तिथल्या जिवांना जिवंतांच्या प्रार्थनेची, विशेषतः मिसाची, मदत होते. आग कसली, जागा कुठे, मुदत किती, यावर ठराव नाही. उलट लोकांपुढच्या प्रवचनांत असल्या बारीक चर्चा आणू नका, पैसा उकळायचा वास येईल असे काही बोलू नका, अशी बिशपांना तंबी आहे. २००७ साली पोप सोळावे बेनेदिक्त यांनी आशेवर लिहिलेल्या पत्रात काही अलीकडच्या धर्मपंडितांचे मत आपलेसे करून मांडले: जाळणारी आणि वाचवणारी ती आग म्हणजे स्वतः ख्रिस्तच असेल. झडती घेणाऱ्याची नजरच भाजते, आणि तीच बरेही करते.

सुमारे हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या क्ल्युनी मठाच्या ओदिलोने २ नोव्हेंबर हा दिवस मेलेल्यांसाठी लावून दिला. आपले म्हाळ भाद्रपदात आटपतात आणि गणपतीच्या आठवणीही जुन्या होतात, तोवर हा दिवस येतो. आधीच्या आठवड्यात सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, विळे-फावडी चालू होतात. पावसाळ्यात चिऱ्यावर चढलेले शेवाळ खरवडायचे, क्रुसावरचे नाव पुन्हा रंगवायचे, गवत कापायचे. गोव्यात सिमितेरींना जागा थोडी. घराण्याची कायमची कबर नसेल तर काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला जाते आणि आधीच्याच्या अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक खड्ड्यात ठेवतात. म्हणून काही जण मेणबत्ती कबरीवर लावतात, काही कोनाड्यापुढे आणि काही मधल्या मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी, जिथे सगळ्यांचे मेण वितळून एक होते. संध्याकाळी मीस होते आणि पाद्री कबरींवर आगमेंत, म्हणजे मंत्रलेले पाणी, शिंपडत फिरतो.

मिसाचे नियम हिशेबी आहेत. एका मिसाला एका दात्याचा एकच हेतू. पाद्रीला दिलेली दक्षिणा ही मिसाची किंमत नव्हे, आणि सौद्याचा भासही होऊ देऊ नये असे चर्चच्या कायद्यात लिहिलेले आहे. एरवी दिवसाला एक मीस. २ नोव्हेंबरला मात्र प्रत्येक पाद्रीला तीन म्हणता येतात. ही सवलत १९१५ सालची, पहिल्या महायुद्धात मढी मोजून संपत नव्हती तेव्हाची. तिन्हींतल्या एकाचीच दक्षिणा घ्यायची. दुसरे मीस सगळ्या मेलेल्यांसाठी, तिसरे पोपच्या हेतूंसाठी. ज्यांचे कुणीच नाही त्यांचीही सोय त्या दुसऱ्या मिसात झाली. आपल्याकडे सर्वपित्री असते तसेच काहीसे. सलग ३० दिवस एकाच जिवासाठी म्हणायची ग्रेगोरियन मिसे वेगळी.

१ ते ८ नोव्हेंबर या आठवड्यात सिमितेरीत जाऊन मेलेल्यांसाठी मनातल्या मनात जरी प्रार्थना केली तरी त्या जिवाला दंडाची पूर्ण माफी मिळवून देता येते, दिवसाला एक. अटी अशा: कुमसार, जो आधी किंवा नंतर साधारण २० दिवसांत केला तरी चालतो; त्या त्या माफीसाठी कोमुन्यांव, म्हणजे मिसातला पवित्र प्रसाद घेणे; पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, एक 'आमच्या बापा' नि एक 'नमान मारिये' पुरते; आणि शेवटची अट अशी की मन कुठल्याही पापाला, अगदी बारीकशा पापालाही, चिकटलेले नसावे. पहिल्या तीन अटी कुणीही पाळतो. चौथीपाशी बहुतेकांची पूर्ण माफी अर्धवट होते, कारण शेजारणीबद्दल दोन वाईट शब्द बोलायचा मोह सिमितेरीच्या फाटकातही सुटत नाही. जुन्या प्रार्थनापुस्तकांत '३०० दिवसांची' माफी छापलेली असे. लोक समजत, पुर्गातोरातले ३०० दिवस कमी झाले. अर्थ वेगळा होता: प्राचीन काळी पृथ्वीवर ३०० दिवस केलेल्या कडक प्रायश्चित्ताइतके फळ. घोटाळा शतकानुशतके चालला. शेवटी १९६७ साली पोप सहावे पॉल यांनी दिवस-वर्षे मोजणेच काढून टाकले.

झडतीच्या गोष्टीत गोव्याला एक पान वगळता येत नाही. १५६० ते १८१२, मधली चार वर्षे सोडली तर, जुन्या गोव्यात इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे, न्यायालय होते. लोक त्या वाड्याला 'व्हडलें घर' म्हणत, दुसरे नाव घ्यायची भीती म्हणून. त्यात कोंडला गेलेला फ्रेंच वैद्य शार्ल देलों १६७६ साली शिक्षा ऐकून बाहेर आला आणि सुटल्यावर त्याने सगळे लिहून काढले. जाहीर शिक्षा ऐकवायच्या सोहळ्यासाठी बहुधा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार धरत, असे तो सांगतो, कारण त्या दिवशीच्या वाचनात शेवटच्या न्यायाचा प्रसंग येई आणि आपला सोहळा त्याचे प्रतिरूप दिसावा अशी त्या मंडळींची इच्छा असे. मिरवणुकीतल्या निशाणावर संत दॉमिनिक, एका हातात तलवार, दुसऱ्यात ऑलिव्हची डहाळी, आणि शब्द: न्याय आणि दया.

निमाणी झडती आधीच उरकून घ्यायचा हा प्रकार. क्रौर्य तर होतेच, पण त्यांच्याच शास्त्राप्रमाणे ती चूकही होती. मत्तयमध्येच येशूने शेताचा दाखला दिला आहे: गव्हात तण उगवले तरी उपटू नका, गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. आमच्या खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीतला, कुणीही सांगेल, कोवळेपणी भात आणि त्यातले तण पानावरून ओळखू येत नाही.

मग प्रश्न येतोच, आमचे काय? पणजीच्या बसमध्ये शेजारी बसून आयुष्य काढलेल्या हिंदूचे, मुसलमानाचे काय? हा प्रश्न गोव्यात बाँ जेजूच्या बाझिलिकेत चांदीच्या पेटीत निजलेल्या माणसालाही विचारला गेला होता. २९ जानेवारी १५५२ ला कोचीनहून लिहिलेल्या पत्रात फ्रान्सिस झेवियर जपानी नवख्रिस्त्यांबद्दल सांगतो. आपले वाडवडील नरकात आहेत आणि त्यांना तिथून काढता येत नाही, हे ऐकून ते रडत. देव त्यांना सोडवू का शकत नाही, असे विचारत. झेवियरने त्यांना तेव्हाच्या शिकवणुकीचे उत्तर दिले, आणि पुढे लिहिले की आपल्या लाडक्या माणसांना उपाय नसलेल्या गोष्टीसाठी रडताना बघून त्याच्याही डोळ्यांत पाणी येई. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तो चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारला.

त्या रडण्याला चर्चने लेखी उत्तर दिले ते ४१२ वर्षांनी. २१ नोव्हेंबर १९६४ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात, सोळाव्या कलमात, लिहिले गेले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला कळेल तसे वागायची धडपड करतात, त्यांनाही तारण मिळू शकते. वाचवणारा ख्रिस्तच, असे चर्च आजही म्हणते. पण त्याचा हात कुठवर पोचतो हे आपण मोजायचे नाही, हे तिने मान्य केले. ती त्रिसूत्री इथे परत येते: ठाऊक नसेल, संमती नसेल, तर तोडणारे पाप नाही.

आणखी दोन ठिकाणी ती दारे उघडत गेली. १९१७ च्या चर्चकायद्याने शुद्धीवर असताना आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या कायद्यातून ते कलम गेले, कारण त्या अवस्थेतल्या माणसाची संमती किती पुरी असते हे बाहेरून सांगता येत नाही. दुसरे, बाप्तिस्म्याआधी गेलेली मुले. मूल जगेल असे दिसत नसेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, हिंदू वयजीणसुद्धा (म्हणजे सुईण), हा नियम जुनाच आहे. अट एवढीच की पाणी डोक्यावरून वाहिले पाहिजे, नुसते ओले फडके लावून भागत नाही. पाणी ओतणारा आणि 'बाप, पुत्र, पवित्र आत्मा' ही नावे घेणारा एकच असावा. आणि चर्चला जे करायचे आहे तेच करायचा हेतू असावा. घाईत एक बाई पाणी ओतते, दुसरी शब्द म्हणते, आणि बाप्तिस्मा होतच नाही. ज्यांना तेवढाही वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी पंडितांनी लिंबो नावाची एक उंबरठ्यावरची जागा कल्पिली होती. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने सांगितले की या मुलांच्या तारणाची खात्री देता येत नाही, पण आशा धरायला भक्कम कारणे आहेत. कोंकणीत सांगायचे तर, खात्री ना, भरवंसो आसा.

नगरकडचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती ज्याला तारण म्हणतात त्याला गोव्यात जुन्या लोकांच्या तोंडी पोर्तुगीजातून आलेले 'साल्वासांव' आहे. मराठी तारणात मला एक जादा अर्थ दिसतो, जो सोनाराच्या पेढीवरचा आहे: तारण ठेवलेले सोने. गहाण पडलेली वस्तू. आणि येशूला कोंकणीत म्हणतात सोडवणदार, जसे गहाण सोडवणारा. लॅटिनमधला मूळ शब्दही परत विकत घेण्याचाच. झडतीला उभ्या राहिलेल्या माणसाच्या खिशात काही सापडत नाही, कारण त्याचे सगळे दुसरीकडे गहाण पडलेले आहे, आणि पावती झडती घेणाऱ्याच्याच हातात आहे.

म्हणून शिकवण दोन पापांना सारखेच घाबरते. एक, देव माफ करीलच म्हणून निर्धास्त बसणे. दुसरे, माझे आता काही होणार नाही म्हणून हात टाकणे. येशूचे दोन शिष्य: पेद्रूने त्याला तीनदा नाकारले, जुदाशने विकले. पेद्रू रडला आणि तिथेच घुटमळत राहिला. जुदाशने चांदीची नाणी परत टाकली, म्हणजे हिशेब चुकता केला, पण भरवसा उरला नव्हता. तरीही चर्चने आजवर एकाही माणसाचे नाव घेऊन हा नरकात गेला असे म्हटलेले नाही, जुदाशचेही नाही. स्वर्गातल्या माणसांची यादी ती जाहीर करते, दुसरी यादी तिच्यापाशी नाही. सगळे शेवटी वाचतीलच असे शिकवायला तिने मनाई केली आहे. सगळे वाचावेत म्हणून प्रार्थना करायला मात्र तीच सांगते.

ती प्रार्थना गोव्यात रोज ऐकू येते. दिवेलागणीनंतर घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो. दहा-दहा मण्यांचे पाच भाग, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी पोर्तुगालमधल्या १९१७ सालच्या फातिमापासून चालत आलेली चार ओळींची विनवणी: आगीपासून राख, सगळ्या जिवांना स्वर्गात ने, ज्यांना तुझ्या दयेची जास्त गरज आहे त्यांना आधी. पाच भाग, म्हणजे रात्रीत पाचदा. अर्ध्या मुलांचे लक्ष टीव्हीच्या घड्याळाकडे असते, म्हातारी एखादा मणी चुकते, कुणी डास मारतो. तेर्स संपला की लहानांपासून रांग लागते, हात जोडून एकेका वडीलधाऱ्यापुढे उभे राहायचे आणि बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचा. दुपारी ज्याच्या पाठीत रट्टा बसलेला असतो तोही आजीपुढे हात जोडून उभा राहतो.